नाताळकडून कोणाला काय हवे होते

नाताळ आटोपला की आमच्या घरात दर वर्षी एक चमत्कारिक अबोला उतरत असे. भांडण झालेले नसायचे, कोणी कोणाला लागेल असे बोललेलेही नसायचे. तरी सामान आवरून आपापल्या घरी निघताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर, आपल्याला जे हवे होते ते याही वर्षी हाती लागले नाही, असा भाव असायचा. वडील गेल्यानंतर तो अधिकच जाणवू लागला. आई थकत चालली होती आणि सण यापुढे कोणाच्या घरी करायचा हा प्रश्न समोर होताच. परंतु मला त्याहून मोठी अडचण ही वाटत होती की, आम्ही तिघे भावंडे ज्याला 'आपला नाताळ' म्हणतो तो तिघांच्या मनात एकच आहे की नाही, याची आम्ही कधी विचारपूसच केली नव्हती. म्हणून एका वर्षी, आगमनकाळ म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे सुरू व्हायच्या थोडे आधी, मी घरातल्या सर्वांना एक विनंती केली. प्रत्येकाने आपापल्या हाताने, कोणाशी चर्चा न करता, एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: लहानपणीच्या नाताळातील अशी गोष्ट, जिच्यावाचून नाताळ झाला असे वाटत नाही, आजच्या नाताळकडून असलेली खरी अपेक्षा, आणि केवळ रीत म्हणून आपण करतो, पण सुटली तर बरे वाटेल, असे एखादे काम.

दादाने फोनवर लगेच विचारले, की सणाची आता जनगणना करायची आहे का. त्याचे म्हणणे असे, की ज्या गोष्टी मुळातच आपोआप घडत आल्या आहेत त्यांच्यावर प्रश्न विचारले की त्यांतला जीव जातो. हा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटला नाही. पण 'आपोआप' हा शब्द माझ्या मनात अडकून राहिला, आणि दादाने पुढे 'हे पूर्वापार असेच चालत आले आहे' अशी पुस्ती जोडली, तेव्हा मी थोडे वाचायला घेतले.

वाचनातून जे हाती आले त्याने माझी भीड चेपली. आमच्या घरात सर्वांत जुने मानले जाणारे नाताळचे झाड हे मूळचे सोळाव्या-सतराव्या शतकातील जर्मन भाषिक प्रदेशांचे. इंग्लंडमधील सामान्य घरांत ते झपाट्याने पसरले ते 1848 मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स आल्बर्ट आपल्या मुलांसह झाडाभोवती उभे असल्याचे चित्र छापल्यानंतर. छापील नाताळकार्ड तर 1843 मधले. इंग्लंडमधील सरकारी अधिकारी हेन्री कोल यांच्याकडे उत्तरे लिहायची पत्रे साचली होती आणि हाताने लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेऊन ते छापले. म्हणजे फोनवरून पाठवलेल्या शुभेच्छांना आम्ही आज ज्या कारणासाठी नाके मुरडतो, त्याच कारणासाठी कार्ड जन्माला आले होते, हे वाचून मला हसू आले. इंग्लंडच्या संसदेने 1647 मध्ये नाताळ हा सणच रद्द केला होता, आणि स्कॉटलंडमध्ये 25 डिसेंबरला सार्वजनिक सुटी मिळू लागली ती 1958 पासून. पूर्वापार म्हणजे किती पूर्वीपासून, हे एकदा असे पाहिले की रीतीला हात लावायची धास्ती कमी होते.

आगमनकाळ 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो आणि नाताळापूर्वीचे चार रविवार त्यात येतात. त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आम्ही आईकडे जमलो. कागद घडी घालून एका डब्यात टाकलेले होते. कोणाचा कोणता ते अक्षरावरून ओळखू येणारच होते, तेव्हा निनावीपणाचे सोंग आम्ही घेतले नाही. ज्याने त्याने आपला कागद वाचायचा, एवढेच ठरले.

दादाने आक्षेप घेऊनही सर्वांत लांबलचक लिहिले होते. त्याच्या लहानपणीच्या नाताळाच्या आठवणीत झाड नव्हते, भेटवस्तू नव्हती. होती ती दिव्यांची माळ. त्या काळच्या माळेत सगळे दिवे एकाच वाटेने जोडलेले असायचे, त्यामुळे एक दिवा गेला की माळ विझायची, आणि कोणता गेला हे नुसते पाहून कळायचे नाही. वडील मग जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि चांगला असलेला एक दिवा घेऊन तो क्रमाक्रमाने प्रत्येक जागी लावून पाहायचे. दादाने काढलेले दिवे ओंजळीत धरायचे, मी मोजायचे, आणि धाकटीने हात लावायचा नाही, अशी विभागणी होती. माळ लागली की आम्ही ओरडायचो. एरवी अबोल आणि कामावरून आले की वर्तमानपत्रात डोके घालणारे वडील त्या संध्याकाळी आमच्या मध्ये तासन् तास बसलेले असायचे, आणि दादाला हवे होते ते हे. आताच्या माळा विझत नाहीत. विझल्या तर टाकून देऊन नवी आणतात. हा बदल कोणाचाही अपराध नाही, आणि जुनी माळ शोधून आणून मुद्दाम बिघडवणे हा त्यावरचा उपायही नाही. पण मुलांसोबत बसून हाताने करायचे, थोडे किचकट, सहज न होणारे असे एखादे काम नाताळात असावे, ही त्याची अपेक्षा आम्हाला पहिल्यांदाच कळली. एरवी झाडाच्या उंचीवरून तो दर वर्षी कुरकुरायचा, तेव्हा आम्हाला वाटायचे की त्याला मोठे झाड हवे आहे.

माझ्या कागदावर वाट पाहणे होते. आमच्या लहानपणी डिसेंबर लांबलचक असायचा, कारण त्यात मधल्या मध्ये काहीही मिळत नसे. सजावटीची पेटी माळ्यावरून खाली उतरायची तीच मुळी नाताळच्या तोंडावर, आणि तोवर आम्ही तिच्यात काय काय आहे याची उजळणी करत राहायचो. कडेला टवका उडालेला काचेचा गोळा नेहमी भिंतीकडे तोंड करून लावायचा असतो, हेसुद्धा त्या उजळणीत यायचे. आता माझ्या मुलांनी मागितलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते, आणि मग नाताळला द्यायचे काय, असा प्रश्न पडून मी स्वतःच काहीतरी अनावश्यक शोधत बसते. वाचताना मला हॅम्बुर्गमधल्या योहान हिन्रिख विखर्न यांची गोष्ट सापडली होती, ती मी त्या संध्याकाळी सांगितली. ते गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत, आणि नाताळ केव्हा येणार असे मुले सारखी विचारत. 1839 मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, आठवड्याच्या दिवसांसाठी लहान आणि चार रविवारांसाठी मोठ्या, आणि रोज एक पेटवू लागले. चार मेणबत्त्यांचे आगमनकाळाचे चक्र आज अनेक चर्चमध्ये दिसते त्याचा उगम तिथला. मला या गोष्टीत आवडले ते हे, की त्यांनी मुलांना थांबा असे सांगितले नाही. थांबणे डोळ्यांना दिसेल अशी सोय केली.

मुलांचे कागद आले, आणि त्यांत भेटवस्तूंच्या याद्या असतील ही आमची अटकळ पार चुकली. दादाच्या मोठ्या मुलाने लिहिले होते की, त्या दिवशी छायाचित्रासाठी पुन्हा उभे राहायला कोणी सांगू नये. माझ्या मुलीने लिहिले की, भेटीचा कागद उघडताना सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे पाहू नये, कारण आनंद झाला असला तरी तो पुरेसा दिसतो आहे की नाही याची तिला काळजी लागते. हे वाचताना खोलीत थोडी चुळबुळ झाली. आम्ही मोठ्यांनी आपल्या लहानपणीच्या आनंदाचा जणू हप्ता मुलांकडून वसूल करायला घेतला होता. त्यांनी आमच्यासारखे उडी मारून ओरडावे, म्हणजे आमचा नाताळ जिवंत आहे असे आम्हाला वाटावे. धाकटीच्या मुलाचा कागद त्याच्या आईने लिहून दिला होता. त्याला फक्त एवढेच विचारायचे होते, की सांताक्लॉज खरा आहे का.

यावर धाकटी आणि दादा यांचे जुने मतभेद आहेत. ती म्हणते, दोन-तीन वर्षे उरली आहेत, राहू द्यावे. तो म्हणतो, लेकराला फसवू नये. शेवटी आईनेच त्याला जवळ घेऊन मायरा इथल्या निकोलस बिशपांची कथा सांगितली. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, तीन मुली असलेल्या एका कंगाल बापाच्या घरी रात्री गुपचूप सोने टाकून ते निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला पत्ता लागला नाही, अशी ती परंपरेने आलेली आख्यायिका आहे. मुलाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, की मग त्यांना लाल कोट कोणी दिला. याचे उत्तर माझ्या वाचनात होते: कोट आधीच्या चित्रांतही अधूनमधून लाल असायचा, पण आज डोळ्यांसमोर येणारा गुबगुबीत, हसरा म्हातारा घरोघरी पोचवला तो प्रामुख्याने 1931 पासून हॅडन सुंडब्लोम यांनी कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी काढलेल्या चित्रांनी. हे उत्तर मी दिले नाही. काही माहिती योग्य वयापर्यंत राखून ठेवता येते.

वहिनींच्या घरी लग्नापूर्वी नाताळ नव्हता. त्यांनी फार नेमके लिहिले होते: या घरात त्या दिवशी प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते, गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, कोण मांडणार, मुलांना कोण उठवणार, प्रार्थना कोण म्हणणार; आणि ठाऊक असल्यामुळे कोणी बोलून दाखवत नाही, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला शिकायला वावच राहत नाही. इतकी वर्षे त्या दिवशी मी मदत करते, पण माझे असे एकही काम नाही, असे त्यांनी लिहिले होते. दादा खाली मान घालून बसला. गव्हाणी तेव्हाच्या तेव्हा वहिनींकडे सोपवली गेली, आणि त्यांनी ती आमच्यापैकी कोणी कधी घेतली नव्हती इतक्या गांभीर्याने घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मी दोनदा वाचला, त्यात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, पण बैल आणि गाढव कुठे आहेत? मीही उघडून पाहिले, खरोखरच नाहीत. ते जुन्या करारातील यशया या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आले असावेत असे मानतात. बैल आपला धनी ओळखतो आणि गाढव आपल्या धन्याची गव्हाणी ओळखते, असे तिथे म्हटले आहे. शिवाय असिसीच्या फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतील ग्रेचो इथे गवताने भरलेली गव्हाणी मांडली, तेव्हा तिच्याशेजारी खरे बैल आणि गाढव आणून उभे केले होते. बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, तीन होते असेही मत्तयाचे शुभवर्तमान कुठे सांगत नाही; सोने, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसे तीन धरली गेली. जन्मापासून दर वर्षी ती गव्हाणी पाहणाऱ्या आम्हा भावंडांना हे माहीत नव्हते. वहिनी हसून म्हणाल्या, म्हणजे मागाहून आलेल्यांनाही गव्हाणीशेजारी जागा मिळते तर.

आईचा कागद शेवटी आला. तिने तीन प्रश्नांची तीन उत्तरे दिलीच नव्हती; कागदावर एकच ओळ होती. 'नाताळच्या सकाळच्या उपासनेत शेवटच्या गीतापर्यंत बसायला मिळावे.'

आम्हाला आधी अर्थच लागला नाही. धाकटीने विचारले, की तू तर दर वर्षी असतेसच. आई म्हणाली, असते, पण शेवटच्या गीताआधी उठते. मग एकेक उलगडत गेले. उपासना संपल्यावर लोक एकमेकांना भेटत चर्चच्या आवारात रेंगाळतात, वडिलांबरोबर आम्हीही रेंगाळायचो, आणि घरी येऊन पाहतो तो दार उघडे, सगळे आवरलेले, जेवणाचा वास सुटलेला, दिव्यांची माळ दिवसासुद्धा लावलेली. लहानपणीच्या नाताळातला माझा सर्वांत आवडता क्षण तो होता, आणि मी तो कागदावर लिहिला नव्हता कारण तो कोणी घडवून आणलेला असेल हे मला कधी सुचलेच नाही. धाकटीने मात्र लिहिला होता: 'घरी परतल्यावर घर आपली वाट पाहत असायचे.' तिचा कागद आईच्या आधी वाचून झाला होता. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर बोलण्यासारखे फारसे उरले नाही. एकीच्या आठवणीतली जादू आणि दुसरीचे वर्षानुवर्षे हुकलेले गीत ही एकाच अर्ध्या तासाची दोन टोके होती.

आईला यात तक्रार करायची नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. तिने ते फार सरळपणे लिहिले होते, आणि सुनांना किंवा मुलींना दोष लावण्याचा तिचा स्वभावही नाही. पण त्यानंतर दुपारच्या मोठ्या जेवणाबद्दल जी चर्चा झाली ती फार स्पष्ट झाली. मी सगळे कागद पुन्हा चाळले. ते जेवण 'याच्यावाचून नाताळ नाही' या सदरात एकाच्याही कागदावर नव्हते. 'सुटले तर बरे' या सदरात मात्र धाकटीच्या आणि माझ्या, दोघींच्या कागदांवर होते. ज्या गोष्टीसाठी सर्वांत जास्त राबणूक होते तीच कोणाला फारशी नको होती, आणि तरी ती कमी करायचे धैर्य कोणाला नव्हते, कारण प्रत्येकाला वाटत होते की बाकीच्यांना ती हवी आहे. माझे मत असे झाले आहे की, घरातली कोणतीही परंपरा जपण्याविषयी बोलण्याआधी तिचे काम कोणाच्या वाट्याला येते आणि त्या वेळी ती व्यक्ती कुठे असते, हे विचारावे. परंपरेवर प्रेम करणारे लोक बहुधा बसलेले असतात.

त्या वर्षीचे बदल सांगायचे तर ते साधेच होते. नाताळच्या दिवशी दुपारी आदल्या दिवशी करून ठेवलेले थोडके जेवण, तेही घरी आल्यावर सगळ्यांनी मिळून वाढून घ्यायचे. मोठे जेवण दुसऱ्या दिवसावर ढकलले. याला आईचाच विरोध झाला. पंचवीस म्हणजे पंचवीस, असे तिचे म्हणणे. शुभवर्तमानांत जन्माची तारीखच दिलेली नाही, रोममधल्या 354 सालच्या एका संग्रहातील नोंदीत ती 25 डिसेंबर अशी सापडते, जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा नाताळ आपल्या 7 जानेवारीला येतो, आणि पश्चिमेकडच्या परंपरेतही सणाचे बारा दिवस धरून 6 जानेवारीपर्यंत नाताळकाळ मानतात, असा सगळा युक्तिवाद मी केला. तिने तो शांतपणे ऐकला आणि उपासनेची तारीख हलणार नाही, जेवणाची हलली तर चालेल, असा निवाडा दिला. त्या सकाळी ती शेवटच्या गीतापर्यंत बसली. घरी आलो तेव्हा घर थंड होते, आणि धाकटीला ते लागले, हे मी पाहिले. तिने काही म्हटले नाही, मुकाट्याने जाऊन माळ लावली.

सगळेच जमले असे नाही. मेणबत्त्यांचे चक्र पहिल्या दोन रविवारी उत्साहात पेटले. तिसऱ्या रविवारी मुलांच्या परीक्षा आल्या, चौथ्या रविवारी कोणी पेटवायची यावरून भांडण होऊन ती मेणबत्ती मोडली. दादाने मुलांबरोबर लाकडी पट्ट्यांची चांदणी करायला घेतली, ती वाकडी झाली, पण ते सगळे एका संध्याकाळी तिच्याभोवती बसून होते आणि पुन्हा करायचे म्हणत होते, त्यामुळे ते काम मी यशस्वी धरते. भेटवस्तूंसाठी आम्ही चिठ्ठ्या काढल्या, एकाने एकालाच द्यायचे असे ठरवले. धाकटीने तरीही प्रत्येकासाठी 'काहीतरी लहानसे' आणले, आणि मग जे रिकाम्या हातांनी आले होते ते ओशाळले. तो नियम पाळला जाईल असे मला वाटत नाही. कोणाचे मन उदार असेल तर त्याला ठरावाने आवर घालता येत नाही, आणि खरे सांगायचे तर घालूही नये. भेटी उघडताना मात्र आता आम्ही आपापल्या कामात असल्यासारखे दाखवतो. माझ्या मुलीला ते नाटक कळते. तरी तिला ते बरे वाटते, असे ती सांगते.

कार्डांचे काम एका वेगळ्याच वळणाने मार्गी लागले. कागद वाचून झाल्यावर आईने बोलता बोलता सांगितले, की पत्त्यांच्या वहीतली निम्मी नावे आता खोडलेली आहेत आणि एकटीने बसून ती वही उघडायला तिला नको वाटते. कागदावर तिने हे लिहिले नव्हते. तेव्हापासून दादाचा मोठा मुलगा तिच्याजवळ बसतो. ती सांगते, तो लिहितो, आणि मध्येच कोणाचे काय झाले ते विचारतो. खोडलेल्या नावांच्या गोष्टी त्यात जास्त निघतात.

आता तो मुलगा रुग्णालयात कामाला लागला आहे आणि या वर्षी 25 तारखेला त्याची दिवसभराची पाळी आहे. मोठे जेवण त्यामुळे पुन्हा हलवावे लागणार. दादाला 27 सोयीची आहे, धाकटीच्या सासरी त्याच दिवशी सगळे जमणार आहेत, आणि वहिनींनी 6 जानेवारी सुचवली आहे, कारण तो मागी लोकांच्या आगमनाचा दिवस असल्याने गव्हाणी तोवर मांडलेलीच ठेवायची असे त्यांनी ठरवले आहे. आईने अजून होकार दिलेला नाही. इतके दिवस चांदणी उतरवायची नाही म्हणजे धूळ कोण पुसणार, एवढेच तिने विचारले आहे.